गाळा कोणी दिला?

(परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)





मी इथं वाज करायला उभा नाही. जुगार वाईट असतो हे सांगण्यासाठी रविवारी सकाळी तुम्हाला घराबाहेर काढायची गरज नव्हती. ते लहानपणी मकतबमध्येच आपल्याला शिकवलेलं आहे. मला बोलायचंय ते आपल्या बाजाररस्त्याबद्दल. बसस्टँडपासून मोंढ्यापर्यंत चालत जायला दहा मिनिटं लागतात. मी शाळेत होतो तेव्हा त्या रस्त्यावर आकडा घेणारा एकच माणूस होता. चहाच्या टपरीच्या मागे, पोत्याच्या आडोशाला बसायचा. त्याच्याकडे जाणारा माणूस आधी इकडे तिकडे बघून घ्यायचा. आज त्याच रस्त्यावर तीन दुकानं आहेत. काचेचं दार आहे, पंखा आहे, ‘ऑनलाइन लॉटरी’ अशी पाटी आहे, भिंतीवर स्क्रीन आहे आणि दर पंधरा मिनिटांनी त्यावर आकडा पडतो. चौथ्या गाळ्याला रंग लावायचं काम चालू आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर दहावी-बारावीचे क्लासेस आहेत.

पोरं मला विचारतात, “भाई, मोर्चा काढायचा का?” काढू. पण त्याआधी दोन-चार गोष्टी नीट समजून घेऊ. नाहीतर मोर्चाचे फोटो मोबाइलवर फिरतील आणि चौथं दुकान त्याच दिवशी सुरू होईल.

माझ्या मामूंपासून सुरुवात करतो. मामू मोंढ्यात हमाल होते. शंभर किलोचं पोतं एकट्यानं उचलायचे. दारूला कधी शिवले नाहीत, नमाज सहसा चुकवली नाही. पण संध्याकाळी हमाली हातात पडली की घराकडे येताना आकडा लावायचे. रात्री स्वप्नात साप दिसला तर अमुक आकडा, लग्न दिसलं तर तमुक. स्वप्नांचं एक पातळ पुस्तकच मिळायचं तेव्हा, ते त्यांच्या उशाखाली असायचं. कधी लागायचा. लागला की त्या दिवशी मटण यायचं, आम्हा भाच्यांना जिलेबी यायची. आम्ही दुआ करायचो की मामूंचा आकडा लागू दे. लहान होतो, कळत नव्हतं. मामीच्या गळ्यात काळी पोत होती, तिच्यात सोन्याचे मणी ओवलेले होते. दर वर्षी ईदला आम्ही भेटायला जायचो तेव्हा त्या पोतीतले पिवळे मणी थोडे कमी झालेले असायचे. शेवटी नुसते काळे मणी उरले. मामीनं कधी तक्रार केली नाही. त्यांना कोणी मारलं नाही, घरात भांडण झालं नाही, पोलिसात काही गेलं नाही. दारूचा आवाज होतो, जुगाराचा होत नाही. म्हणून गावाला तो उशिरा ऐकू येतो.

आता हा आकडा आला कुठून? ही गोष्ट आपल्या परभणी जिल्ह्यातल्या माणसानं तरी ऐकलीच पाहिजे, कारण तिची सुरुवात कापसापासून होते. मानवत, सेलूचा कापूस बाजार आपल्या सगळ्यांना माहीत आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला, ते आकडे तारेनं मुंबईच्या कापूस बाजारात यायचे. त्या भावाच्या आकड्यांवर मुंबईत पैज लागायची. म्हणून आजही ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द आहेत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कहून ते आकडे येणं बंद झालं. मग पैज लावणाऱ्यांनी कापूस सोडून दिला आणि नुसता आकडा ठेवला. मातीच्या मटक्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि एक उचलायची. १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मुंबईत आपापले मटके सुरू केले आणि तिथून हा धंदा महाराष्ट्रभर पसरला. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले, आता स्क्रीन आलाय, पण नाव मटकाच राहिलं.

या गोष्टीत एक कडू विनोद आहे. कापूस पिकवणारा, वेचणारा, वाहून नेणारा माणूस वर्षभर भावाची वाट बघतो. भाव त्याच्या हातात नसतो. आणि त्याच भावाच्या आकड्यातून निघालेला जुगार त्याच माणसाच्या खिशातली मजुरी संध्याकाळी काढून घेतो.

थोडा हिशोब करू. मटक्यात एकेरी आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये असा जुना भाव आहे. शून्य ते नऊ, आकडे दहा. म्हणजे चिठ्ठी अगदी इमानदारीनं काढली तरी लावणाऱ्यांच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी दहा रुपये बुकीकडे राहतात. पोरं म्हणतात, दहाच टक्के ना? पण जिंकलेला पैसा घरी येत नाही, तो परत लावला जातो. हजार रुपये फिरवत राहा. पहिल्या फेरीनंतर सरासरी नऊशे उरतात, मग आठशे दहा, मग सातशे एकोणतीस. सातव्या फेरीअखेर पाचशेच्याही खाली. पूर्वी दिवसातून ओपन आणि क्लोज मिळून दोन आकडे यायचे. आता दर पंधरा मिनिटांनी एक येतो. तेव्हा सात फेऱ्यांना निदान तीन-चार दिवस लागायचे, आता पावणेदोन तास लागतात. दुकान वाढलं म्हणजे नुसता बोर्ड वाढला असं नाही, वेग वाढला. आणि हे सगळं चिठ्ठी इमानदारीनं निघते असं धरून. कोणत्या आकड्यावर कमी पैसे लागलेत हे ज्याला दिसतं, तोच आकडा काढणार असेल तर काय होईल, ते तुम्हीच ओळखा.

आपल्या दीनमध्ये याला मैसिर म्हटलंय. या शब्दाच्या मुळाशी ‘सोपं’ हा अर्थ आहे. सहज, कष्टाशिवाय हाती आलेला माल. अरबस्तानात इस्लामच्या आधी दहा बाण घेऊन उंटाच्या मांसाचे वाटे ठरवायचा खेळ होता. तफसीरकार सांगतात की जिंकणारा आपला वाटा बहुतेक वेळा गोरगरिबांना देऊन टाकायचा आणि त्यात मोठेपणा मानायचा. म्हणजे तो धर्मादाय जुगार होता. तरीही मनाई आली. सूरह बकराच्या २१९व्या आयतीत फायदा नाकारलेला नाही. लोकांसाठी थोडा फायदाही आहे, पण गुनाह फायद्यापेक्षा मोठा आहे, असा तिचा मतलब. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आज दुकानवाला आपल्याला फायदाच सांगतो. चार पोरांना काम मिळालं, गाळ्याला भाडं मिळालं, बाजूच्या चहावाल्याचा धंदा वाढला. खोटं नाही ते. पण हिशोबाची दुसरी बाजू मामीच्या पोतीत आहे.

आणि हा फक्त आपल्या धर्माचा मुद्दा नाही. द्यूतात राज्य, भाऊ आणि बायको हरणारा राजा धर्मराज होता, हे माझ्या हिंदू मित्रांना मी सांगायला नको. ऋग्वेदातही एका जुगाऱ्याचं दुःख सांगणारं सूक्त आहे. परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला जसे सगळ्या जातीधर्माचे लोक येतात, तसेच ते या काउंटरवरही येतात. तिथं कोणी कोणाचं आडनाव विचारत नाही.

आता कायद्याकडे येऊ. इथं बरेच जण चुकतात, म्हणून जरा लक्ष द्या.

दारूच्या दुकानाविरुद्ध आपल्या राज्यात एक हत्यार आहे. त्याला लोक ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणतात. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की परवाना बंद. झालेल्या मतांच्या निम्मे नाही, नोंदलेल्या सगळ्या मतदारांच्या निम्मे. म्हणजे जी घरी बसली तिचं मत उभ्या बाटलीला गेलं. अवघड आहे, तरी महाराष्ट्रात कितीतरी गावांतल्या बायकांनी ते करून दाखवलंय.

आपली पोरं म्हणतात, तसंच मटक्याच्या दुकानाचं करू. करता येत नाही. का? कारण दारूच्या दुकानाला परवाना आहे, म्हणून तो काढून घेता येतो. मटक्याला परवानाच नाही. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम १८८७ चा आहे, इंग्रजांच्या काळचा, आणि त्याच्या दृष्टीनं हे दुकान आधीच गुन्हा आहे. कागदावर ते अस्तित्वातच नाही. नसलेल्या दुकानाविरुद्ध मतदान कसं घेणार? पाटी लॉटरीची आहे, कारण लॉटरीला परवानगी असते. मटक्याला आळा बसावा म्हणून राज्य सरकारनं १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली होती. पण लॉटरीचा केंद्रीय कायदा १९९८ चा आहे. तो सांगतो की एका आकड्यावर बक्षीस देता येत नाही आणि एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत काढता येत नाही. पंधरा मिनिटांना एक आकडा कोणत्या कायद्यात बसतो, हा प्रश्न आपण लेखी विचारला पाहिजे.

तुम्हाला वाटेल, मग परवाना देऊन टाकावा, म्हणजे विरोध करता येईल. ते कसं होतं तेही बघू. इंग्लंडमध्ये १९६१ पासून पैजेची दुकानं कायदेशीर आहेत. लंडनच्या पूर्व भागात न्यूहॅम आहे. आपल्या उपखंडातून गेलेले हजारो लोक, त्यात पुष्कळ मुसलमान, तिथं राहतात. एकेका बाजाररस्त्यावर ओळीनं पैजेची दुकानं झाली. २०१३ मध्ये तिथल्या पालिकेनं पॅडी पॉवर नावाच्या कंपनीला आणखी एका दुकानाचा परवाना नाकारला. कंपनी कोर्टात गेली आणि पालिका हरली. कारण तिथला कायदाच असा आहे की अटी पूर्ण असतील तर परवाना द्यायच्या बाजूनं विचार करायचा. दुकानं पुरे झाली, हे कारण त्यात चालत नाही. गोव्यात मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजांचंही तेच. ‘आम औरत आदमी अगेन्स्ट गॅम्बलिंग’ ही संघटना तिथं वर्षानुवर्षं विरोध करतेय, जहाजं अजून नदीतच आहेत, कारण त्यांच्याकडून सरकारला महसूल मिळतो. आपल्या राज्यात कॅसिनोचा कायदा १९७६ मध्ये झाला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. ते बरंच झालं.

पण न्यूहॅमची गोष्ट तिथं संपत नाही. तिथले आणि इतर शहरांतले लोक कोर्टात हरल्यावर गप्प बसले नाहीत. कोणत्या रस्त्यावर किती दुकानं, कोणत्या यंत्रावर किती पैसे जातात, कोणाचं घर बुडालं, ते मांडत राहिले. त्या दुकानांतल्या यंत्रावर एका खेळीला शंभर पौंड लावता यायचे. एप्रिल २०१९ पासून ती मर्यादा दोन पौंडांवर आली. शंभरावरून दोनवर. आरडाओरडा पुष्कळांनी केला असेल, पण कामी आल्या त्या नोंदी.

आता आपल्या गावाकडे परत येतो. आपल्याला मतदानाचा रस्ता नाही. पोलीस धाड टाकतात, पेपरात बातमी येते, चिठ्ठी लिहिणारं पोरगं, एक पेन आणि काही शे रुपये जप्त होतात, कलम १२ लागतं, दंड भरला जातो आणि संध्याकाळी दुकान परत सुरू. आपण पोलिसांना नावं ठेवतो, पुढाऱ्यांना नावं ठेवतो. कोण चालवतो, कोणाचा हात आहे, याच्या चर्चा हॉटेलात बसून करतो. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. गाळा कोणी दिला?

दुकान हवेत उघडत नाही. त्याला चार भिंती आणि शटर लागतं. त्या १८८७ च्याच कायद्याचं कलम ४ उघडून वाचा. जुगारअड्डा चालवणारा जितका गुन्हेगार, तितकाच जाणूनबुजून त्यासाठी जागा देणारा मालक किंवा ताबेदार. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंमत म्हणजे आकडा घेणारा रोज जागा बदलेल, बुकी कधी दिसणारही नाही, पण गाळ्याचा मालक कुठं पळणार? त्याचं नाव नगरपरिषदेच्या रजिस्टरमध्ये आहे.

आम्ही तिन्ही दुकानांचे मालक कोण ते शोधलं. पहिलंच नाव आपल्या मोहल्ल्यातलं निघालं. मी नाव सांगणार नाही आणि तुम्हीही अंदाज बांधू नका. जुम्म्याला पहिल्या सफमध्ये असतात. माझ्या अब्बांचे दोस्त. आम्ही चौघं त्यांच्याकडे गेलो. खरं सांगतो, पायरीवर उभं राहून मी दोनदा परत फिरायचा विचार केला. चाचांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बेटा, मी खेळत नाही, खेळवत नाही. मी भाडं घेतो. आधी शिंपी होता, तो तीन हजार द्यायचा, तेही रखडत. हे नऊ देतात, एक तारखेला.” मग थोडं थांबून म्हणाले, “तुझ्या चाचीच्या औषधाला महिन्याला किती लागतात, माहीत आहे?”

आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आम्ही कायदा घेऊन गेलो होतो आणि त्यांनी आमच्यासमोर औषधाची चिठ्ठी ठेवली. मला त्या दिवशी शरम वाटली. चाचांची नाही, आमची.

तिथून आम्ही वेगळ्या पद्धतीनं काम केलं. नवीन भाडेकरू शोधला. एक पोरगा मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायला जागा शोधत होता. तो पाच हजार द्यायला तयार झाला. औषधाचा प्रश्न सरकारी योजनेत बसतो का, ते बघायला आमच्यातल्या दोघी बहिणी चाचीला घेऊन परभणीला जाऊन आल्या. थोडा भार कमी झाला. आणि शेवटचा शब्द चाचींचा होता. त्या चाचांना एवढंच म्हणाल्या की त्या पैशाचं औषध माझ्या अंगाला लागत नाही. अकरा महिन्यांचा करार संपला आणि चाचांनी तो पुढे केला नाही.

मी खोटं सांगणार नाही. ते दुकान बंद झालं नाही. दोन गल्ल्या सोडून दुसरीकडे गेलं. तिथला गाळामालक आपल्यातला नाही. त्याच्याकडे आपण टोपी घालून गेलो असतो तर विषय जुगाराचा राहिला नसता, हिंदू-मुसलमानाचा झाला असता, आणि जुगारवाल्याला तेच हवं असतं. म्हणून आज इथं जे मित्र बाकीच्या वस्त्यांमधून आलेत, त्यांना मी विनंती केली होती. त्या घरी ते जातील, आम्ही त्यांच्यासोबत मागे उभे राहू. आपापल्या माणसाला आधी आपण विचारायचं, हा नियम ठरवू.

आता काम सांगतो. लिहून घ्या.

आधी भेट, मग कागद. गाळामालकाकडे सलाम-नमस्कार करून जायचं, ऐकून घ्यायचं, दुसरा भाडेकरू शोधायला मदत करायची. ऐकलं नाही, तर दहा रहिवाशांच्या सहीचं साधं पत्र स्पीड पोस्टानं पाठवायचं आणि पोच जपून ठेवायची. त्यात शिवी नको, धमकी नको. तुमच्या जागेत अमुक चालतं आणि कायद्यात तमुक आहे, एवढंच. कायद्यात ‘जाणूनबुजून’ असा शब्द आहे. पत्र मिळाल्यावर मालकाला ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणता येत नाही.

दुसरं काम माहितीच्या अधिकाराचं. दहा रुपयांचा अर्ज. आपल्या पोलीस ठाण्यात गेल्या तीन वर्षांत जुगार कायद्याखाली किती गुन्हे नोंदले, कोणत्या कलमाखाली आणि किती प्रकरणांत शिक्षा लागली. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सगळे गुन्हे कलम १२ चे आणि कलम ४ चा एकही नाही असं दिसलं, तर आपल्या प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळालं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीनं चालवलेल्या बेकायदा पैजा आणि जुगाराला छोटा संघटित गुन्हा म्हटलंय. त्याला एक ते सात वर्षं कैद आहे. काही शे रुपये दंड आणि सात वर्षं, यातला फरक अर्जात नम्रपणे विचारायचा.

तिसरं काम, सणांच्या आधी शांतता समितीची बैठक होते तेव्हा हा विषय तिथं मांडायचा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावायचा. खेड्यातल्या पोरांनी तो ग्रामसभेत मांडायचा. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. ठराव मराठीत, चार ओळींचा, तारखेसह. न्यूहॅमच्या लोकांकडून आपण हेच शिकायचं, नोंद ठेवायची.

आणि एक काम करायचं नाही. दुकानावर दगड मारायचा नाही, काच फोडायची नाही, चिठ्ठी लिहिणाऱ्या पोराला हात लावायचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणी शहरानं काय पाहिलं, ते आपल्या सगळ्यांना आठवतं. संविधानाच्या अवमानानंतर संताप खरा होता, पण रस्त्यावर जे घडलं त्याची किंमत गरीब वस्त्यांनी मोजली. एका तरुणाचा कोठडीत जीव गेला. एका दगडानं विषय बदलतो. मग जुगारवाला फिर्यादी होतो आणि आपण आरोपी.

त्या चिठ्ठी लिहिणाऱ्या पोराबद्दल बोलतो. पहिल्या दुकानात जो बसायचा तो एकोणीस वर्षांचा आहे. बारावी नापास. वडील अंथरुणावर. मी त्याला म्हणालो, हे सोड. तो म्हणाला, “सोडतो भाई. उद्या सकाळी कुठं येऊ?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे त्याला त्याच गाळ्यात मोबाइलच्या दुकानात लावलं. पगार कमिशनपेक्षा कमी आहे. दोन महिने झाले, टिकलाय. उद्याही टिकेल का, मी सांगू शकत नाही. पण तुमच्यापैकी ज्यांचं दुकान आहे, गॅरेज आहे, ज्यांचे भाऊ पुण्याला ठेकेदारीत आहेत, त्यांनी एक जागा राखून ठेवावी. ‘हे सोड’ म्हणणाऱ्याला ‘इकडे ये’ असंही म्हणता आलं पाहिजे.

शेवटचा मुद्दा, आणि तो तुमच्या खिशातला आहे. बाजाररस्त्यावरची दुकानं उद्या तिन्ही बंद झाली तरी मोबाइलमध्ये एक उघडं राहील. त्याला शटर नाही, गाळामालक नाही. आयपीएलच्या दिवसांत मशिदीच्या पायरीवर बसून कोण काय करतं, मला दिसतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. सरकारचा अंदाज आहे की अशा खेळांत देशातल्या सुमारे ४५ कोटी लोकांनी वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त पैसा घालवला. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे लक्षात ठेवा. म्हणून जो अडकलाय त्यानं लपू नये. पैसे फसवून गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. झोप लागत नसेल, मनात भलतेसलते विचार येत असतील, तर १४४१६ ला करा, मराठीत बोलता येतं. आणि हे दोन्ही जमत नसेल तर मला करा. कर्ज किती झालं ते आधी विचारणार नाही. जेवलास का, ते विचारीन.

माझे मामू आता हयात नाहीत. जाण्याआधी एकदा मी त्यांना विचारलं होतं की तुम्हाला कोणी कधी अडवलं नाही का? ते म्हणाले, “सगळे म्हणायचे खेळू नको. पण येताना रस्त्यातच दुकान होतं रे.”

पुढच्या रविवारी सकाळी दहाला आपण याच ठिकाणी भेटू. दुसऱ्या आणि तिसऱ्या गाळ्याच्या मालकांची नावं तोवर काढलेली असतील. आणि रंग लागतोय त्या चौथ्या गाळ्याचं नाव मला काल रात्री कळलं. तो गाळा माझ्या सख्ख्या चुलतभावाचा आहे. त्याच्याकडे मी आज संध्याकाळी जाणार आहे. माझ्यासोबत कोण येतंय?